सातवी ताटली

"मुलगी दात करते," असं नवऱ्याने लग्नाआधी घरी सांगितलं, तेव्हा सासूबाईंनी विचारलं होतं, "करते म्हणजे? काढते की बसवते?" ती दोन्ही करत नव्हती. दात काढायचा डॉक्टरांनी, बसवायचाही डॉक्टरांनीच; मधल्या आठ दिवसांत तो नवा दात जिथे तयार होतो, त्या खोलीत ती बसायची. चपलांच्या दुकानावरची खोली. एक लांब टेबल, तीन दिवे, आणि कोपऱ्यात प्रेशर कुकरएवढी भट्टी. काचेच्या तुकड्यावर पोर्सिलेनची पावडर पाण्यात कालवायची, ब्रशाच्या टोकाने थेंब थेंब रचायची, कागदाने पाणी टिपून घ्यायचं, मग भट्टी. बाहेर येतो तेव्हा दात पाचव्या हिश्शाने आटलेला असतो, म्हणून करतानाच तो मोठा करायचा. एवढा अंदाज हाताला यायला तिला चार वर्षं लागली होती. लॅबमध्ये तिला सगळे 'दातवाली' म्हणत, आणि घरीही तेच नाव चिकटलं.

सासर सुतारांचं. सासऱ्यांनी आयुष्यभर कपाटं, टेबलं, खुर्च्या केल्या. त्यांच्या वडिलांनीही तेच केलं. त्या आजेसासऱ्यांनी कामातून वेळ काढून अकरा वर्षं खपून एक बाहुलीघर बांधलं होतं. ते पुढच्या खोलीत, खिडकीला लागून, एका बैठ्या कपाटावर उभं होतं. राहत्या घराची हुबेहूब नक्कल, फुटाला एक इंच या मापाने. तेरा पायऱ्यांचा जिना, तारेच्या बिजागऱ्यांवर उघडणाऱ्या खिडक्या, खरोखर सरकणारे ड्रॉवर. बाहुली मात्र एकही नव्हती. या घरात माणसांच्या जागी ताटल्या होत्या.

जेवणाच्या खोलीत सहा खुर्च्यांचं टेबल, आणि टेबलावर पितळी पत्र्याच्या, रुपयापेक्षाही लहान सहा ताटल्या. कडा ठोकून वर उचललेली, मधे खोलगट. शेजारी वाटाण्याएवढे कप, टाचणीपासून केलेले चमचे, आणि एक सुरई. आजेसासऱ्यांनी ती कशी पोखरली कोण जाणे, पण पाण्याचा एक थेंब तिच्यात मावायचा आणि तोटीतून बाहेर यायचा.

घराचा नियम सोपा होता. जो या घरात जन्मला, त्याची ताटली. आजेसासऱ्यांची स्वतःची टेबलाच्या टोकाला, ते जाऊन वीस वर्षं झाली तरी तिथेच. मग सासऱ्यांची, त्यांच्या बिनलग्नाच्या धाकट्या भावाची, नवऱ्याची, दिराची. मुलगी लग्न होऊन निघाली की तिची ताटली काड्यापेटीत घालून तिच्या हातात द्यायची. आणि जी लग्न होऊन या घरात यायची, तिची ताटली करायची नाही. ती बाहेरची.

दातवालीला मुलगी झाली तेव्हा सासऱ्यांनी चष्मा लावून, जीभ दातात धरून, नातीची ताटली ठोकली. सहावी खुर्ची भरली. त्या दिवशी दातवालीलाही आनंदच झाला होता. आपली नाही, हे तिला खटकलं का? खटकलं. पण नव्या नवरीला ज्या शंभर गोष्टी खटकतात, त्यातली ती एक. तिने ती बाकीच्या नव्याण्णवांबरोबर बांधून ठेवून दिली.

ते गाठोडं सुटलं पोरीमुळे. शाळेत 'माझं घर' असं चित्र काढायला सांगितलं होतं. इतर मुलांनी छप्पर, झाड, सूर्य काढला. हिने टेबल काढलं आणि त्यावर सहा गोल. बाईंनी विचारलं, "यात आई कुठेय?" पोरीने सगळे गोल पुन्हा मोजले. संध्याकाळी तिने दप्तर टाकलं आणि थेट आजोबांना गाठलं.

"आजोबा, आईची ताटली कुठेय?"

"आई बाहेरून आली ना बाळा. तिची ताटली तिच्या माहेरी." सासरे हे अगदी सहज बोलले. मनात काही वाकडं नव्हतं.

पोरगी स्वयंपाकघरात आली. "आई, तुझ्या माहेरी बाहुलीघर आहे?"

"नाही गं."

"मग तू कुठे जेवतेस?"

दातवालीच्या हातातला डाव पातेल्यातच राहिला. सासूबाई कांदा चिरत होत्या. त्यांची सुरी एकदा थांबली आणि पुन्हा चालू झाली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने डबा बाजूला सारला आणि कोटाचं एक मोठं बटण घेतलं. त्याच्या पाठीचा ठसा भट्टीत टिकणाऱ्या प्लास्टरमध्ये घेतला आणि त्या साच्यावर ब्रशाने पोर्सिलेन रचायला लागली. पहिली ताटली तडकली. दुसरी पापडासारखी वाकली. तिसरी आटून इतकी लहान झाली की मुंगीलाही पुरली नसती. सातव्या दिवशी भट्टीतून जी आली ती गोल होती, अख्खी होती, आणि दातासारखी चकाकत होती. दातासारखी म्हणजे दाताचीच.

घरी आल्यावर पर्स खांद्यावरून न काढता तिने बाहुलीघराचं पुढचं दार उघडलं आणि नवऱ्याच्या आणि लेकीच्या ताटल्यांच्या मधे, जरा दाटीवाटीने, सातवी ताटली ठेवली.

सकाळी ती साखरेच्या डब्यावर सापडली.

तिने ती उचलली, पुसली, परत टेबलावर ठेवली. संध्याकाळी ती पुन्हा साखरेच्या डब्यावर. असं पंधरा दिवस चाललं. घरात कुणी आवाज चढवला नाही, दार आपटलं नाही. फक्त एक पांढरा ठिपका रोज पुढच्या खोलीतून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून पुढच्या खोलीत प्रवास करत राहिला. चहात साखर घालणाऱ्याला आधी ताटली उचलायला लागायची.

नवरा मधे सापडला होता. "अगं, खेळण्यातलं ताट ते," तो म्हणाला. "एवढं काय मनावर घ्यायचं?"

"खेळण्यातलं आहे ना? मग राहू दे की."

तो स्वभावाने चांगला माणूस होता, पण भांडणात त्याची जागा नेहमी दाराच्या चौकटीत असायची. आतही नाही, बाहेरही नाही.

शेवटी सासऱ्यांनी तोंड उघडलं. तेही ताटली चिमटीत धरून, खिडकीच्या उजेडात फिरवत. "सूनबाई, कड सारखी नाही. इकडे जाड आहे, इकडे पातळ."

"बरं," ती म्हणाली, आणि चार दिवसांनी सारख्या कडेची आणली.

"तळ हलतो."

तिने तळ घासून आणला.

"चांगली झालीय," सासरे नाइलाजाने म्हणाले. लाकडाशी पन्नास वर्षं काढलेला माणूस. चांगल्या कामाला वाईट म्हणणं त्यांच्या जिभेला जमेना. "पण टेबल सहाचं आहे."

"मग मोठं करा. तुम्ही सुतार आहात."

"बाबांनी केलेल्या टेबलाला मी करवत लावणार नाही. आणि घराचा नियम मी केलेला नाही, मी मोडणार नाही. माझं शेवटचं उत्तर, नाही."

दातवाली एरवी सासऱ्यांसमोर हळू बोलायची. त्या दिवशी हळू नाही बोलली. "बाबा, ज्या दातांनी मला नाही म्हणताय ना, ते वरचे चार मी केलेत. ते बरे चालले घरात. ते नाही बाहेरचे ठरले?"

पलीकडच्या खोलीत नवऱ्याला ठसका लागला. सासऱ्यांनी ओठ घट्ट मिटले आणि बाहुलीघराच्या पुढच्या दाराला छोटं कुलूप घातलं.

सासूबाई भडकल्या त्या तिच्यावर. "कशाला घरात कटकट? मी चाळीस वर्षं काढली. माझं काही अडलं?"

दातवालीच्या मनाला हे लागलं, कारण चाळीस वर्षं त्या घराची देखभाल सासूबाईच करत होत्या. दर शनिवारी दाढीच्या जुन्या ब्रशाने धूळ झाडायची, कापसाच्या बोळ्याला लिंबू लावून एकेक ताटली उजळायची, कप ओळीने उलटे सुकवायचे. सासऱ्यांची, दिराची, चुलत सासऱ्यांची, कुणाची राहायची नाही. त्यांचं काही अडलं नाही हे खरं होतं. पण ते त्या इतक्या चिडून का सांगत होत्या?

तिने वाद घातला नाही. पुढच्या आठवड्यात आणखी एक ताटली केली. सासूबाईंचा एक पुढचा दात दोन वर्षांपूर्वी तिनेच केला होता, त्याच्या रंगाचा नंबर तिला पाठ होता. किंचित पिवळसर, सायीकडे झुकणारा. त्याच रंगाची ताटली. ती तिने सासूबाईंच्या तळहातावर ठेवली आणि कपडे वाळत घालायला निघून गेली. परत आली तेव्हा ताटली कुठेच दिसेना. नंतर कधीतरी सासूबाईंचा चष्मा शोधायला गेली तर चष्म्याच्या घरात, मऊ कापडात गुंडाळलेली सापडली. तिने घर होतं तसं मिटून ठेवलं.

त्यानंतरच्या रविवारी आत्याबाई आल्या. सासऱ्यांची थोरली बहीण, वय पंचाहत्तर, हातात काठी आणि आवाज असा की तीन घरं पलीकडे ऐकू जावा. जेवणं झाली. पोरीने आत्याआजीला सगळी हकीकत रंगवून सांगितली, कुलपासकट.

"किल्ली आण," आत्याबाई भावाला म्हणाल्या.

"ताई, तुला कशाला त्यात..."

"किल्ली आण म्हटलं ना!"

सासऱ्यांनी किल्ली आणली. सत्तरी गाठली तरी थोरल्या बहिणीपुढे माणूस अर्ध्या चड्डीतलाच राहतो. आत्याबाईंनी पर्समधून एक काड्यापेटी काढली. तिच्यावरचं चित्र केव्हाच पुसलं गेलं होतं. आत, कापसावर, पितळी ताटली.

"त्रेपन्न वर्षं पर्समधे घेऊन हिंडतेय," त्या म्हणाल्या. "सासरी टेबलच नव्हतं, ठेवू कुठे?"

"तुझी तू घेऊन गेलीस ना ताई. रीतच आहे ती."

"नेली नव्हती रे. हातात दिलीत." त्यांनी दार उघडलं, टेबलाच्या टोकाच्या ताटलीवर, आपल्या वडिलांच्या ताटलीवर, आपली ताटली टेकवली.

"ताई! बाबांच्या ताटलीवर?"

"जागा नाही म्हणालास ना? बाबा गेले. त्यांना भूक नाही. मला आहे."

कुणी हसलं नाही. दातवालीला हसू येत होतं, पण सासऱ्यांचा चेहरा बघून ते आतच विरलं. ते खुर्चीत बसले होते आणि दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट धरले होते, लहान मुलाने मार खाताना धरावेत तसे. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या ताटलीवरच्या ताटलीकडे बघत होत्या.

पुढच्या शनिवारी त्यांनी दाढीचा ब्रश हातात घेतला नाही.

दुसऱ्या शनिवारीही नाही. तिसऱ्या आठवड्यात पितळ काळवंडायला लागलं, जिन्यावर धुळीची साय धरली. सासरे म्हणाले, "अगं, बाहुलीघर झाडायचं राहिलंय."

"हो," सासूबाई म्हणाल्या. भाजी निवडतानाच म्हणाल्या, मान वर न करता. "ज्या घरात माझं ताट नाही, तिथली धूळ माझी नाही."

दातवाली पोरीची वेणी घालत होती. तिच्या हातातला पेड सुटला. चाळीस वर्षांत या बाईच्या तोंडून असं वाक्य निघालं नव्हतं, आणि आता निघालं तर किती सरळ, जणू दुधाचा भाव सांगावा.

सासऱ्यांनी स्वतः झाडायला घेतलं. त्यांचे हात मोठ्या लाकडाचे. वाटाण्याएवढ्या कपांपुढे ते बोटं की मुसळं! दुसऱ्याच दिवशी सुरईचा कान तुटला. वडिलांनी केलेल्या सुरईचा. ते त्या दिवशी जेवले नाहीत. दातवालीला वाईट वाटलं, मनापासून. पण मी चुकले असं एकदाही वाटलं नाही.

पुढे एका दुपारी सासूबाई तिला म्हणाल्या, "तुला सोमवारी सुट्टी असते ना? माझ्याबरोबर कारखान्यात चल."

कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची शेड. सासरे दुपारी मित्राच्या दुकानात पत्ते खेळायला जात, तेव्हा ती रिकामी असे. सासूबाईंनी लग्नात आणलेली आपली लाकडी पेटी मधोमध ठेवली आणि तिचं झाकण उपटलं. बिजागरी किंचाळली.

"आई, एवढी चांगली पेटी!"

"घरातलं लाकूड घेतलं तर म्हणतील आमचं आहे. हे माझं आहे."

त्यांना करवत कशी धरायची माहीत होतं. रंधा, कानस, डिंक, सगळं माहीत होतं. चाळीस वर्षं चहा घेऊन त्या या शेडमधे येत होत्या आणि कप रिकामा होईपर्यंत उभ्या राहत होत्या. ते बघणं वाया गेलं नव्हतं. पण बघणं वेगळं आणि करणं वेगळं. पहिल्या दिवशी अंगठा कापला. दुसऱ्या खेपेला फळी उभी चिरली. दातवाली म्हणाली, "मी धरू?" तर म्हणाल्या, "तू फक्त मोज. फुटाला इंच." सोमवारी दोघी, बाकीच्या दुपारी सासूबाई एकट्या, असे दहा-बारा दिवस गेले. अखेर टेबल उभं राहिलं. चार पाय, पैकी एक आखूड. पृष्ठभागावर रंध्याचा ओरखडा. पॉलिश एका बाजूला गडद.

सासूबाईंनी ते बाहुलीघरात नेलं, जुन्या टेबलाला काटकोनात लावलं. कुलूप आत्याबाई गेल्यापासून पुन्हा लागलंच नव्हतं. मग चष्म्याचं घर उघडून आपली ताटली ठेवली. शेजारी सुनेची. आत्याबाईंची वडिलांच्या ताटलीवरून काढून नव्या टेबलावर आणली. दुसऱ्या गावी असलेल्या धाकट्या सुनेची, दिराच्या बायकोची, दातवालीने आधीच करून ठेवली होती, तीही आली.

सासरे परतले तेव्हा दोघी तिथेच उभ्या होत्या. त्यांनी आधी बायकोकडे पाहिलं, मग आत वाकून टेबलाकडे. बोटाने कड चाचपली. टेबल डुगडुगलं.

"हा पाय आखूड आहे."

"आहे," सासूबाई म्हणाल्या.

"इकडे आण. दोन मिनिटांचं काम आहे."

"हात लावू नका."

"अगं, मी कुठे फेकून देतोय? पाय नीट करून देतो. असं बघवत नाही."

"बघू नका मग. तुमच्याकडचं सगळं सरळ होतं, सारखं होतं, आणि त्यात मी कुठेच नव्हते. हे वाकडं आहे, पण ते मी केलंय. आणि तुम्ही एकदा हात लावलात की सगळे म्हणणार, तुम्ही केलं."

सासऱ्यांचा हात तसाच पुढे राहिला. दातवालीला वाटलं, काहीतरी बोलावं, वातावरण सैल करावं, चहा ठेवते म्हणावं. घरात असा तिढा पडला की चहा ठेवायला जाणं हे आजवर तिचंच काम होतं. ती जागची हलली नाही. हळूहळू तो हात खाली आला. सासरे बाहेर ओसरीवर जाऊन बसले.

त्यांनी होकार असा कधीच दिला नाही. पण कुठलीही ताटली पुन्हा साखरेच्या डब्यावर गेली नाही. पाहुणे आले की ते पूर्वीसारखेच बाहुलीघर दाखवत, जिना, खिडक्या, ड्रॉवर, आणि दुसऱ्या टेबलापाशी आले की घसा खाकरून म्हणत, "हे आमच्या वडिलांचं काम नव्हे."

"माझं आहे!" स्वयंपाकघरातून आवाज येई.

शनिवारची झाडपूस सुरू झाली, पण वाटून. एक शनिवार सासूबाई, एक नवरा, एक दातवाली. चौथा शनिवार सासऱ्यांचा. त्यांच्यासाठी दातवालीने लॅबमधला जुना चिमटा आणून दिला, आणि तो त्यांनी खिशात टाकला.

एक ताटली राहिली होती. आजेसासूबाईंची. ज्यांच्या नवऱ्याने हे सगळं घर बांधलं, त्यांची. दातवालीच्या पांढऱ्या ताटल्या एकमेकींत मिसळू लागल्या होत्या, म्हणून तिने पाठीमागे नावं लिहायला सुरुवात केली होती. पण आजेसासूबाईंचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. नवऱ्याला नाही, सासूबाईंनाही नाही. त्या त्यांना सासूबाई म्हणत, शेजारीपाजारी मिस्त्रीणबाई म्हणत. आत्याबाईंना फोन केला, तर त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. आईला आई म्हणायचे गं, म्हणाल्या. आठवून सांगते.

उरले सासरे. तिने त्यांना विचारलं. त्यांनी पेपर वर केला. दोन दिवसांनी पुन्हा विचारलं, तर म्हणाले, "कशाला आता?" तिने आठवडाभर रोज चहाबरोबर विचारलं.

आठव्या दिवशी त्यांनी कप खाली ठेवला आणि ते नाव उच्चारलं. चार अक्षरांचं. आईचं नाव त्यांनी स्वतःच्या तोंडाने बहुतेक कधी घेतलंच नव्हतं.

दातवालीने ते तळहातावर पेनाने लिहून घेतलं.

"पहिलं अक्षर पुरे," सासरे म्हणाले. "एवढ्याशा ताटलीवर सगळं नाव मावायचं नाही."

"मावेल."

"आणि ठेवणार कुठे? बाबांच्या शेजारी ना?"

"नाही," ती म्हणाली. "त्यांच्या सुनेच्या शेजारी."

सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं, पण ते काही बोलायच्या आत तिने पर्स उचलली होती. लॅबमधे पोचल्यावर तिने सगळ्यात बारीक ब्रश घेतला, त्याचे केस कापून तीनच ठेवले, आणि दिवा खाली ओढून पहिलं अक्षर लिहायला घेतलं. मग दुसरं. चारही बसली, आणि कडेला थोडी जागाही उरली.